माथ्यावरचं बी

त्याला सगळे खारोबा म्हणायचे. पाइनच्या झाडांवर सरसर चढायचं आणि बियांचे शंकू पोत्यात भरून आणायचे, हा त्याचा धंदा. जोडधंदा एकच, संशय घेणं! इतरांवरचा संशय आठवड्यात ओसरायचा. मेहुण्यावरचा मात्र बावीस वर्षं टिकला.

मेहुणा वनखात्यात, बियांच्या कोठारावर. कुठलं बी कुठल्या डोंगरावरचं, याच्या चिठ्ठ्या पोत्यांना तोच बांधायचा. माथ्यावरच्या बियांची झाडं सरळसोट वाढतात, लाकडावर रंधा कसा अलगद फिरतो. पण एका वर्षी खारोबानं आणलेल्या माथ्याच्या पोत्यातून उगवलेलं रान मेलं वेडंवाकडंच निघालं.

"माझं पोतं यानंच बदललं," खारोबा ज्याला त्याला सांगायचा. मेहुण्याला त्यानं घराचं दार बंद केलं. बायको रडली, भांडली, शेवटी बोलायचीच थांबली.

आता ते रान तोडायला आलं आणि चौकशी लागली. मेहुण्याची निवृत्ती महिन्यावर. दोषी ठरला तर बडतर्फ. खारोबा दुखरे गुडघे सांभाळत लाकडाच्या गिरणीत हजर झाला. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे! मेहुणा कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. बघा, चोर कसा उभा राहतो ते!

ओंडका करवतीखाली गेला. फळीत गाठीच गाठी, रेषा पिळलेल्या.

"खोक्यालासुद्धा चालायची नाही," गिरणीवाला म्हणाला. "सगळी झाडं अशीच. कमरेएवढ्या उंचीवर दोन फाटे, खालपासून जाड फांद्या. चढायला शिडीसुद्धा नको."

खारोबा फळीजवळ सरकला. सडकेच्या वळणावरची झाडं अश्शीच होती. बुटकी, शंकूंनी लगडलेली. त्यांच्यावर तो एकदाच चढला होता. बायकोला कळा सुरू झाल्याचा निरोप आला होता आणि माथ्यावर जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस. तासाभरात पोतं भरून तो घरी पळाला. मुलगी झाली, आणि त्या आनंदात पोतं विसरला. की विसरायचं ठरवलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

चौकशीला आलेल्या साहेबांनी मेहुण्याला विचारलं, "चिठ्ठी तुमचीच?"

"माझीच. चूकही माझीच." एवढं बोलून मेहुणा बाहेर पडला.

खारोबानं त्याला अंगणात गाठलं. "तुला ठाऊक होतं?"

"शंकूंवर सडकेची धूळ होती, दाजी. माथ्यावर कुठली आलीय धूळ?"

"मग बोलला का नाहीस?"

"त्या दिवशी तुम्ही ताईजवळ हवे होतात. मीच म्हटलं, जाऊ दे."

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही दार कुठं उघडलंत?"

खारोबाला लाजेनं मान वर करवेना. तो तसाच आत गेला, साहेबांच्या टेबलापाशी उभा राहिला. "चिठ्ठी त्याची, पण पोतं माझं. सडकेवरचं बी माथ्यावरचं म्हणून मीच दिलं. लिहून घ्या."

बाहेर येऊन त्यानं मेहुण्याचा हात धरला. "चल घरी. तुझ्या ताईला तूच सांग. माझ्यावर तिचा विश्वास बसायचा नाही."