आपली वात

लालबागला आमच्या चाळीखाली एका मालवणी गृहस्थांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. दुसऱ्या दुकानदारांनाही ते 'आपला' म्हणत: आपला पत्रेवाला, आपला रॉकेलवाला. मला ती नुसती लाडीगोडी वाटे.

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळांच्या दिवसांत त्यांनी जाड वातीचा नवा स्टोव्ह बनवला. तांब्याभर पाणी माझ्या घड्याळाने सात मिनिटांत उकळलं. पण तेवढी जाड वात बाजारात नव्हती, आणि परळचा वाती विणणारा एका दुकानासाठी माग लावायला तयार नव्हता. वातीवाचून स्टोव्ह अडगळीत जाणार होता.

एका सकाळी ते आपला नमुना समोरच्या स्टोव्हवाल्याला, म्हणजे आपल्या प्रतिस्पर्ध्यालाच, देऊन आले.

"अहो, हे काय केलंत?" मी म्हणालो.

"एकट्यासाठी माग कोण लावतलो, भाऊ? आता दोघे मागतील."

वात विणली जाऊ लागली. मी स्टोव्ह घेतला तो मात्र समोरून. यांच्याकडे आठवडाभर थांबावं लागलं असतं. एकदा ते घरी आले, तेव्हा तो त्यांना दिसला. मी ओशाळलो. त्यांनी वाकून ज्योत कमीजास्त करून पाहिली.

"आपली वात वेळेवर मिळते ना?" एवढंच त्यांनी विचारलं.