ताकावरची चावी

आमचे हे, म्हणजे कमलाकरराव, कापसाचे ग्रेडर होते. खरेदी केंद्रावर शेतकऱ्यांच्या गाड्यांची रांग लागायची. हे मूठभर कापूस घेऊन बोटांनी धागा ओढून पाहत आणि प्रत सांगत. त्यावर बोलायची कोणाची टाप नव्हती. पुढे कापसाचे दिवस फिरले, केंद्रं कमी झाली आणि हे दारव्ह्याला घरी बसले. तेव्हापासून माझ्या पोळ्यांची प्रत काढू लागले. जीव नकोसा केला माझा.

दिवाळीत मुलगा श्रेयस पुण्याहून आला, तेव्हा स्वतःचा जुना कॉम्प्युटर इथे बसवून गेला. नात गुंजनने त्यात एक हिंदी गेम टाकून दिला. शापाने झोपलेली राजकन्या, तिचा किल्ला आणि दारोदारी कोडी. निघताना पोर म्हणाली, "आबा, मी चेटकिणीच्या स्वयंपाकघरात अडकलेय. चावी सापडली की फोन करा हं. पुढचं आपण मिळून खेळू."

कितीतरी दिवसांनी यांना कोणी काही विचारलं होतं. माणूस एकदम ताठ झाला.

त्या स्वयंपाकघरात एक पोपट होता. त्याला टिचकी मारली की म्हणायचा, "चाबी ताक पर रखी है।" खाली एक मोठं मडकं, त्यात रवी.

"सोपं हाय," हे म्हणाले. "ताकावर काय येते? लोणी. चावी लोण्यात हाय."

मग सुरू झालं घुसळणं. माऊसने रवी हलवायची, मडकं डुगडुगायचं, लोणी काही यायचं नाही. मीही शहाणी, मागे उभी राहून सांगे, "अवो, आधी पाणी घाला, असं कोणी ताक करते काय?" पाणी घालून पाहिलं, चूल पेटवून पाहिली. घुसळण रंगात आली की लोडशेडिंग. वीज आली की पुन्हा पहिल्या दारापासून. हे त्या पोपटाला अशा शिव्या देत की मी खिडकी लावून घ्यायची.

"सोडा ना आता," मी म्हटलं.

"काहून सोडू? पोरगी वाट पाहून राह्यली माही."

गुंजनचा फोन काही येत नव्हता. यांना वाटे, चावीसाठीच थांबली आहे.

एके संध्याकाळी मी हिंदी बातम्या लावल्या होत्या. बाई सांगत होती, "नियम ताक पर रखकर कपास की खरीदी..." मला हसू फुटलं. "ऐकलं काय? आता नियमही ताकावर ठेवून राह्यले."

हे हसले नाहीत. "नियम कोणी ताकावर कायले ठेवीन?" म्हणत उठून तडक कॉम्प्युटरपाशी गेले. चित्रातल्या भिंतीत, पोपटाच्या मागे, एक कोनाडा होता. इतके दिवस डोळ्यांसमोर! त्यावर टिचकी मारली आणि चावी खणकन खाली पडली.

"दिवळी!" हे ओरडले. "हिंदीतलं ताक म्हंजे आपली दिवळी, कोनाडा, शोभा! आपण उगीच घुसळत बसलो."

लगेच पुण्याला फोन लावला. आनंदाने नंबर दोनदा चुकला. गुंजनचा आवाज एवढा खणखणीत की मला पलीकडून ऐकू येत होता.

"अय्या, आबा, तुम्ही अजून तेच खेळताय? मला तर चावी केव्हाची माहीत होती. पप्पा म्हणाले, सांगू नकोस, आबांना काहीतरी काम हवं."

यांनी "बरं बेटा, शाबास," म्हणून फोन ठेवला.

"शेवटच्या वेचणीचा कापूस कोणी घेत नाही ना, त्याले फरतड म्हंतेत," हे म्हणाले. "पोरानं मले फरतडीत काढलं."

मला श्रेयसचा संताप आला. चांगलं झापावं म्हणून मी रिसीव्हर उचलला, तर यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू दे. कायले बोलतं त्याले? तुमचा माल फरतड हाय, मी कास्तकारायले हेच सांगत होतो, अन् तेही चूपचाप गाडी वळवत."