दुसऱ्या ट्रकाचा दावा

माझ्या चुलतसासऱ्यांनी कोणाकडे एका वेळी सगळं मागितल्याचं अख्ख्या तापीकाठावर कोणी पाहिलेलं नाही. पंगतीत भूक चार पोळ्यांची असली तरी दोनच मागतील आणि वाढपी पुन्हा फिरेपर्यंत ताटाकडे बघत बसतील. समोरच्यावर एकदम भार टाकू नये, हा त्यांचा बाणा. एकदा मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, तर पोटाचं सांगून उठले. गुडघ्याचं म्हणे पुढच्या खेपेला. फोनवरही एकच चौकशी; आज नातवाची, तर माझ्या आईची चार दिवसांनी. त्यामुळे फोन सारखा वाजायचा आणि मी वैतागायचो.

याच बाण्याने काका कोर्टात गेले. विसरवाडीच्या एका व्यापाऱ्याने एकाच सौद्यात त्यांची दोन ट्रक केळी नेली आणि पैसे थकवले. काकांनी दावा लावला तो एका ट्रकाचा. दुसऱ्याचं वकिलालाही सांगितलं नाही, मग आमची काय कथा! व्यापाऱ्याने मुकाट्याने कबूल होऊन पैसे भरले. पुढे जरा दम खाऊन काकांनी दुसऱ्या ट्रकाचं काढलं, तेव्हा वकिलाने कपाळावर हात मारला. एका सौद्याचं सगळं येणं एकाच दाव्यात मागायचं असतं. जाणूनबुजून मागे ठेवलं ते सोडलं, असं कायदा धरतो. तरीही काकांनी दावा लावलाच.

न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हाच का नाही मागितलं? मी मागच्या बाकावर होतो. काका उभे राहिले.

"साहेब, तवय त्यानी पोरनं लगन व्हतं. दोन्ही ट्रकनं एकदम कसं मांगू? मी सोडेल नव्हतं, थांबेल व्हतू."

व्यापारी खाली बघत राहिला. दावा फेटाळला गेला. न्यायाधीशांचं काही चुकलं नाही. त्या पैशांतून ठिबकच्या नव्या नळ्या यायच्या होत्या, त्या राहिल्या. मला कायद्याचा राग आला आणि काकांचा त्याहून जास्त.

नंतर एकदा त्यांचा फोन आला. नातवाचा अभ्यास, आईची तब्येत, माझी बदली, आमचं येणं, सगळं एका दमात विचारून घेतलं. मी म्हटलं, काका, आज एवढी घाई?

"जवाईबापू, सगयं आजच इचारी लेस. मांगे ठेवं ते जास."

त्याला महिना उलटला. चार दिवसांनी हमखास वाजणारा तो फोन आता वाजत नाही. मीच करतो, आणि एकच गोष्ट विचारून ठेवतो.