पाच नंबरची हजेरी

रविवारी पहाटे चारला माझे डोळे आपोआप उघडतात. बावीस वर्षांची सवय आहे, डोंगरावर जाणं थांबलं म्हणून ती थोडीच जाणार. बायको माहेरी गेलीय. मी कूस बदलतो, आता कुठेही जायचं नाहीये असं स्वतःला बजावतो आणि पुन्हा झोपेच्या काठावर येतो. अंग जड होत जातं. खाली कोणीतरी गाडी थांबवतं, हॉर्न देत नाही, आणि मला कळतं की हेम्या आलाय.

मी जिना उतरतो. तीनच मजले, पण पायऱ्या संपत नाहीत. हळूहळू फरशी जाऊन मुरूम लागतो, कठड्याच्या जागी करवंदीच्या जाळ्या येतात, आणि उतरता उतरता मी चढायला लागलेलो असतो. नाशिकबाहेरचा आमचा नेहमीचा डोंगर, मोरदरा. वळणावरच्या खडकाला पाठ टेकून हेमंत भामरे बसलाय. चार महिन्यांपूर्वी तो इथेच गेला.

"ये पम्या," तो म्हणतो. "लवकर आलास भो."

टोमणा त्याच्या नेहमीच्या सुरातला. मला हसू येत नाही. खरं सांगतो, मला त्याची भीती वाटते.

"ऊठ," मी म्हणतो. "मोजणी व्हायचीय."

"माझी झाली की. तूच केलीस."

हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. आम्ही सहा जण. अंधारात चढताना कोणी मागे राहू नये म्हणून शेवाळे पुढून "मोजा रे!" ओरडतो आणि ज्याने त्याने आपला आकडा म्हणायचा. हेम्या पाच, मी सहा. सहा म्हणजे सगळ्यात शेवटचा, आणि शेवटच्याने कोणालाही मागे टाकायचं नाही, एवढा एकच आमचा नियम. त्या दिवशी हेम्या या वळणावर बसला. "दम लागला रे. तू हो पुढे, आलोच," म्हणाला. मी झालो पुढे. वर पाण्याच्या टाक्यापाशी दाट धुकं होतं आणि उतरल्यावर कुठली मिसळ खायची यावर वाद रंगला होता. मोजणी सुरू झाली. चारनंतर सगळं गप्प. आता थांबा, हाका मारा, परत खाली जा, हे करणार कोण? कॉलेजात याच्या कितीतरी प्रॉक्सी मी लावल्या होत्या. मी त्याच्यासारखं नाकात, लांबवून म्हटलं, "पाऽऽच." मग माझ्या आवाजात, "सहा." आणि आम्ही पुढे माथ्याकडे निघालो.

तासाभराने उतरताना तो सापडला तेव्हा गार पडला होता.

टाक्यापर्यंत आला होता, आकडाही म्हणाला, मग बरं वाटेना म्हणून मागे फिरला असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीही मान डोलावली. दहाव्याला रोहिणीवहिनींनी, त्याच्या बायकोने, मला बाजूला घेतलं. "भाऊजी, हे मागे का फिरले असतील हो? निघताना मी भांडले होते. म्हटलं, रविवारचं तरी घरात थांबा, नाहीतर येऊच नका. माझ्यासाठीच फिरले ना?" तेव्हापासून प्रत्येक भेटीत त्या हेच विचारतात. निम्म्या झाल्यात. मी दर वेळी म्हणतो, "असलं काही मनात आणू नका वहिनी." काय पण समजूत घालतो मी!

"मी ऐकलं होतं," हेम्या म्हणतो.

"काय?"

"वरून माझा आवाज आला. पाच म्हणाला. मी हाक मारणारच होतो. मग म्हटलं, जाऊ दे, मी पोचलोय वर."

मला तिथून पळायचं असतं. पण खडकाच्या जागी बाक आहे, समोर फळा आहे, आणि सर हजेरी घेतायत. त्यांना चेहरा नाही. "भामरे." कोणी बोलत नाही. "भामरे." सगळा वर्ग माझ्याकडे वळतो. मी तोंड उघडतो आणि त्यातून नुसतं धुकं निघतं.

"म्हण ना," शेजारी बसलेला हेम्या म्हणतो. "त्या दिवशी किती छान म्हणालास."

मी बाक ढकलून उठतो तो भामऱ्यांच्या स्वयंपाकघरात. वहिनी पाठमोऱ्या उभ्या राहून पोळ्या लाटतायत. पोळ्यांची चवड छताला टेकलीय तरी त्या थांबत नाहीत. हेम्या उंबऱ्याबाहेरच राहतो, त्याला आत येता येत नाही.

"तिला सांग."

"मोडतील रे त्या."

"रोज मोडतेच आहे."

"आणि मग? शेवाळे, गिरीश, आपल्यातलं कोणी मला दारात तरी उभं करेल का?"

"तुला तेवढंच पडलंय?"

"हो," मी म्हणतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी खरं बोलतोय. मला रडू फुटतं, आणि मी वहिनींच्या पाठीला सगळं सांगायला लागतो. वळण, दम, धुकं, माझ्या नाकातून निघालेला तो आकडा. त्यांचं लाटणं थांबतं. त्या वळत मात्र नाहीत.

माझ्याच आवाजाने मला जाग येते. खिडकीत उजाडलंय. उशी ओली आहे आणि कान भाजल्यासारखा गरम लागतोय, कारण मोबाईल मी कानाला घट्ट दाबून धरलाय. तो मी कधी घेतला, कधी लावला, काही आठवत नाही. समोर धरून बघतो. रोहिणीवहिनी. अकरा मिनिटं झालीत आणि सेकंद पुढे पळतायत.

बोट लाल बटणावर जातं. तेवढ्यात आतून बारीक आवाज येतो. मी फोन परत कानाला लावतो.

"म्हणजे हे मागे फिरलेच नव्हते?"

"नाही वहिनी. तो वरपर्यंत आलाच नव्हता."

मी अंथरुणात उठून बसतो.

"मग किती वेळ होते तिथे?" त्या विचारतात. "एकटेच?"

"तासभर."

त्या फोन ठेवत नाहीत. मलाही ठेवता येत नाही.