समुद्रातनं आलेला ट्रॅक्टर

आमच्या राहू गावातनं ट्रॅक्टर घेऊन कोकणात निघालो तवा बायकोला म्हणलं, "बघ, माझं नाव समुद्रापातुर गेलं." शिरूरच्या एका शेठनी तिकडं किनाऱ्याला लागून जमीन घेतली व्हती. हॉटेल बांधायचं, आन् म्होरली वाळू फळी मारून सपाट करायची, खुर्च्या टाकायला. त्यापायी खास मला बोलावलं.

बायको म्हणली, "तिकडं ट्रॅक्टर न्हाईत व्हय?"

हे मला सुचलंच न्हाई. शाळंत गेलो असतो तर सुचलं असतं. पर बायकोबी शाळंत गेली न्हाई, म्हंजी ते कारण नसावं.

घाट उतरताना मागनं येणाऱ्या एस्टीवाल्यांनी माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. एका वळणावर भाकरीचं गठुळं सुटून दरीत गेलं. चटणी तेवढी खिशात राहिली. ती खाल्ली आन् मग कळलं, पाण्याची बाटलीबी गठुळ्यातच व्हती.

दिवस मावळता गावात पोचलो. एका घरी जेवू घातलं. भात, आन् त्यावर माशाचं कालवण. मासा अख्खा, माझ्याकडंच बघत पडलेला. घरच्यांनी विचारलं, ट्रॅक्टर कशापायी आणला? सांगितलं. तशी समदी आपापल्या ताटात बघाय लागली. मला वाटलं, कोकणातली माणसं लाजरी.

सकाळी ट्रॅक्टर घेऊन पुळणीवर, म्हंजी वाळूच्या किनाऱ्यावर, गेलो. समुद्र पहिल्यांदाच बघत व्हतो. आमच्या भीमेला पल्याडचा काठ असतो, ह्याला घालायचा राहून गेलाय. तेवढ्यात वाळूवर बघतो तर काय, चाकाची ताजी नक्षी! माझ्या आधीच कुणीतरी ट्रॅक्टर फिरवलेला. लई राग आला. माग काढत निघालो. एक टोक पाण्यात, दुसरं वाळूच्या एका खळग्यापाशी. तिथं एक बाई टोपली घेऊन बसलेली. सुंदराकाकी, त्याच गावची.

"काकी, हा ट्रॅक्टर कुणाचा?"

"कुनाचा नाय. समुद्रातनं आला, अंडी घातली, गेला."

"आमच्याकडं ट्रॅक्टर अंडी घालत न्हाई."

काकीनं वाळू सारून दावलं. लिंबाएवढी पांढरी अंडी, ढीगभर. मग ती पदर तोंडात धरून अशी हसली की मीबी हसलो, कुणाला हसतोय ते न कळता.

रातच्याला कासवीण येऊन गेलेली, ती नक्षी तिच्याच पायांची. गाव ही अंडी कुंपणात नेऊन राखतं, पिल्लं निघाली की समुद्रात सोडतं. म्हणून आसपासच्या एकाबी ट्रॅक्टरवाल्यानं शेठला होकार दिला नव्हता. माझं नाव समुद्रापातुर गेलं ते असं.

इतक्यात शेठ आले. म्हणले, "अंडी उचलू दे त्यांना, आन् मार फळी."

काकी हसायची थांबली. "अंडी उचलू, शेठ. पन जगली ती मोठी होऊन अंडी घालायला ह्याच किनाऱ्यावर येनार. तवा काय तुमच्या खुर्च्यांवर घालायची?"

मला आई आठवली. मेंढरामागं जल्म गेला तिचा. मेंढी व्यायला झाली की आई बिऱ्हाड हलू द्यायची न्हाई. बाप तणतणायचा, घोड्यावर लादलेला संसार परत उतरवायचा, सगळा कळप त्या एकीसाठी थांबायचा.

पर शेठला तोंडावर न्हाई म्हणायची माझी छाती न्हाई. मी म्हणलं, "शेठ, क्लच गेला."

"आत्ता तर इथवर चालत आला की."

"तवाच गेला असंल."

शेठ हलंनात. ट्रॅक्टर निघतो कसा, बघत उभे. मग काकीनंच दोन बैलजोड्या आणवल्या आन् माझा धडधाकट ट्रॅक्टर बैलांनी ओढाय घेतला. मी वर, मयताला आल्यागत तोंड करून. बैलवाला म्हणला, "पाव्हनं, उतरलात तर बैलांना हलकं जाईल." मग काकी स्टेअरिंगला बसली आन् माझाच ट्रॅक्टर मी मागनं ढकलला. शेठ बघत व्हते, म्हणून घामबी खराच काढावा लागला.

दुसऱ्या वळणावर, शेठ दिसंनासे झाल्यावर, बैल सोडले आन् मी वर चढून किल्ली फिरवली. काकीनं तांदळाच्या भाकरी सीटला गाठ मारून बांधल्या आन् म्हणली, "परत या. पन चालत या."

शेठ आजूनबी शिरूरच्या बाजारात भेटतात. हॉटेल व्हणार, म्हणतात, फक्त ट्रॅक्टर भेटंना. कसा भेटंल? आमच्याकडच्या सगळ्यांना मी क्लचचं सांगून ठेवलंय.

उसाचं रान नांगरून वळलो की मागं चाकाची नक्षी दिसते. हुबेहूब तशीच. इतकी वर्सं एवढी रानं तुडवली ह्या गाडीनं, पर मागं ठिवण्यासारखं एक अंडं काय घातलं न्हाई.