पांढरी बाजू वर

माझ्या दोघा नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, "आजी, ताईची हॉस्टेलची रूम तूच लावली होतीस ना? मला लिस्ट पाठव ना." त्याला पुढच्या महिन्यात हॉस्टेलवर जायचं आहे आणि तिकडेही एका खोलीत दोघं राहणार आहेत. त्याच्या मागे थोरली उभी होती. खोलीचं नाव निघालं तशी ती बाजूला झाली आणि कॉल संपेपर्यंत परत दिसली नाही. म्हणून हे आत्ता लिहिते आहे. यादी दहा मिनिटांत झाली असती: चादरी दोन, हँगर बारा, नायलॉनची दोरी, चिकटवायचे हुक. पण ती पाठवायची आणि हे सांगायचं नाही, असं मला करवेना.

इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. मराठी ही आमच्या घरात बोलायची भाषा. पण इंग्रजीत मी फार सफाईने माफी मागितली असती. तुम्हांला मराठी वाचायला वेळ लागतो, ते बरंच आहे. सावकाश वाचा.

धाकट्या, तू तेव्हा शाळेत होतास. ताई कॉलेजसाठी इकडे बंगळूरला आली. तिचं कॉलेज सर्जापूर रोडच्या पलीकडे आणि माझं घर येलहंक्याला, म्हणजे शहराची दोन टोकं. रोजचं जाणं-येणं शक्य नव्हतं, म्हणून हॉस्टेल. दर रविवारी मी डबा घेऊन, दोन बस बदलून तिच्याकडे जात असे.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दोन लोखंडी खाटा, दोन टेबलं, आणि भिंतीतच बसवलेली प्लायवूडची दोन कपाटं, डावीकडचं ताईचं, उजवीकडचं तिच्यासोबत राहणाऱ्या मैत्रिणीचं. खिडकीसमोर अर्धवट बांधलेली इमारत, त्यामुळे टेबलावर सिमेंटची धूळ यायची. मला अशी खोली दिली की मी खूश असते. कुठे काय ठेवायचं ते मला लगेच दिसतं.

मैत्रीण निपाणीजवळच्या एका गावातली होती. घरी मराठी, शाळा कन्नड. त्यांच्याकडे मुलीही 'मी येतो', 'मी करतो' असंच बोलतात. पहिल्या दिवशी ताईला त्याचं हसू आलं, तर ती म्हणाली, "तुझी मराठी पुस्तकातली ग, माझी पोटातली." ताईने भिंतभर बारीक दिव्यांची माळ लावली तेव्हाही तिने तसंच ऐकवलं, "रोज दिवाळी काय ग तुझी? फराळ कुठं हाय?" दोघींचं छान जमलं. आठवड्याभरात एकमेकींच्या ओढण्या घालू लागल्या.

तिला मी पहिल्याच रविवारी विचारलं, "तुझी आई कधी येणार सामान लावायला?"

"आई नाही ओ आज्जी. गेली गेल्या वर्षी." हे सांगताना ती उशीला अभ्रा घालत होती. तिचा हात थांबला नाही.

त्यानंतर मी दोन डबे नेऊ लागले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे केलं ते तिला आई नाही हे ठाऊक असताना केलं.

तिच्या बाजूच्या भिंतीवर एकच गोष्ट होती. त्यांच्या गावच्या खताच्या दुकानाचं कॅलेंडर, बारा पानांचं, वर पत्र्याची पट्टी. तेही गेल्या वर्षीचं, आणि ऑगस्टवर उघडलेलं. आम्ही होतो सप्टेंबरच्या शेवटी. मला ते दर रविवारी खुपायचं. चुकीचा महिना आणि चुकीचं साल. एकदा म्हटलंही, "अगं, जुनं कॅलेंडर भिंतीवर ठेवू नये. मी नवं आणते."

"नको आज्जी. ते राहू द्या की."

आपल्याकडे मुली पहिल्यांदा नकोच म्हणतात. जेवायला बसवलं तरी नको, साडी दिली तरी नको. मी ते तसंच धरलं.

माझ्या घरी कपाटाच्या फळ्यांवर नेहमी जुन्या कॅलेंडरचे कागद असतात. कागद जाड असतो, आणि पाठची बाजू कोरी असल्यामुळे ती वर ठेवली की कपाट उजळ दिसतं. नुसता कागद पंख्याने उडतो, म्हणून मी मैद्याची खळ लावते. ताईचं कपाट मी आधीच्या रविवारी तसं करून दिलं होतं. मैत्रिणीच्या कपाटात नुसतं प्लायवूड होतं, कडेला भुसा पडायचा, झुरळंही निघाली होती. त्या रविवारी सकाळी मी खिडकीचा पडदा शिवला, तिच्या देखत सुईत दोरा ओवला. मग दोघी माझे डबे खाऊन पडद्याची दांडी आणायला बाहेर गेल्या. मी पर्समधून कात्री काढली, स्टीलच्या डब्यातली खळ काढली, आणि तिच्यासाठी आणलेलं नवं कॅलेंडर काढलं.

जुनं उतरवून नवं टांगलं. जुन्याची पट्टी सरकवून पानं सुटी केली. एका फळीला दोन पानं शेजारी शेजारी बरोबर बसत होती. जानेवारी आणि फेब्रुवारी मी न बघताच कापली, सगळ्यात वरच्या फळीवर लावली. तारखा खाली, पांढरी बाजू वर.

मार्च कापताना एका चौकटीतलं निळं अक्षर दिसलं. 'पोरीचा पेपर. दही.'

मी थांबले. दुसऱ्या एका चौकटीत 'गॅस लावला' होतं, आणखी कुठे 'दळण' होतं. ते अक्षर कुणाचं, हे मला तेव्हाच कळलं. परीक्षेला जाताना हातावर घालायला दही लागतं, म्हणून ते आदल्या दिवशी विरजायचं, हे कोण लिहून ठेवतं ते मला कुणी सांगायला नको होतं.

मग मी काय विचार केला, तेही लिहिते. वरची फळी तर झाली आहे. एकच फळी पांढरी आणि खाली तीन उघड्या, हे वाईट दिसेल. आणि तिला हे इतकं हवं असतं तर तिने ते ट्रंकेत जपून ठेवलं असतं, खिळ्याला टांगलं नसतं. एवढा विचार केला आणि पुढचं पान कापलं. मार्च-एप्रिल दुसऱ्या फळीवर, मे-जून तिसऱ्या, जुलै-ऑगस्ट खाली. महिने ओळीने लावले. खाली तोंड करून चिकटवायचे होते, तरी ओळीने लावले.

दोघी हसत आत आल्या. मैत्रिणीने आधी भिंतीकडे पाहिलं.

"माझं कॅलेंडर कुठं हाय आज्जी?"

मी कपाट उघडून दाखवलं. "बघ, आता कपडे ठेवायला कसं स्वच्छ!"

तिने वरच्या फळीवरून बोट फिरवलं. मग वाकून खालच्या फळीवरून. "आज्जी, याच्यावर आईचं अक्षर होतं."

"दिसलं नाही ग मला," मी म्हटलं. "चष्मा घरीच राहिला आज."

चष्मा कापून झाल्यावर मी पर्समध्ये टाकला होता. पर्स तिच्या खाटेवर होती आणि तिची चेन उघडी होती. मैत्रिणीने पर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ताई लगेच म्हणाली, "अगं, आजीला चष्म्याशिवाय खरंच काही दिसत नाही ग."

मैत्रीण जमिनीवर बसली आणि तिने ऑगस्टपासून सुरुवात केली, कारण शेवटचं अक्षर तिथे होतं. माझी खळ चांगली लागते. कागद चिंध्या होऊन निघाला. वरचा पापुद्रा तिच्या हातात आला आणि अक्षराचा थर फळीला चिकटून राहिला. जुलैचंही तेच झालं. मग ताईने मेसमधून गरम पाणी आणलं, म्हणाली आपण वरची फळी नीट भिजवून काढू. फडकं दाबून धरलं, वाट पाहिली. या वेळी पानं बरीचशी अखंड निघाली. छापलेल्या तारखा जशाच्या तशा होत्या. पेनाची शाई पसरून चौकटीचौकटीत निळे डाग झाले होते. एक शब्दही वाचता येत नव्हता.

ताईने तिसऱ्या फळीकडे हात नेला.

"पुरे," मैत्रीण म्हणाली. "आता हात लावू नका कुणी."

खाटेवर चार पानं उरली होती, सप्टेंबर ते डिसेंबर. मी ती तिच्यापुढे धरली. तिने एकेक उलटून पाहिलं, घडी केली आणि मला परत दिली. "यात काय नाही ओ आज्जी. आई ऑगस्टात गेली."

फळ्याच काढून घेता येतील का म्हणून मी वॉर्डनना विचारलं. त्यांनी सुतार बोलावला. त्याने फळी ठोकून पाहिली आणि म्हणाला, अक्का, ही भिंतीतच बसवली आहे, ओढली तर मोडेल.

आठ दिवसांत मैत्रीण दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गेली. धाकट्या, तुझी ताई तिच्यावर फार रागावली. आजीने मुद्दाम केलं का? तिचा चष्मा नव्हता, एवढं समजत नाही का? असं तिने तिला जिन्यात विचारलं. ती म्हणाली, "व्हय, नव्हता चष्मा." तेवढंच. ताईला वाटलं, टोमणा मारतेय. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. रिकाम्या खाटेवर वर्षभर कुणी आलं नाही. दिव्यांची माळ ताईने काढून माझ्याकडे दिली. वर्ष संपल्यावर ताई तुमच्याकडे परत गेली, आणि इथलं जेवण मानवलं नाही, असं तिने सगळ्यांना सांगितलं.

ताई परत जाण्याआधी एकदा मी तिच्या मैत्रिणीला हॉस्टेलच्या फाटकाशी गाठलं होतं. ती कपडे इस्त्रीला द्यायला चालली होती.

"चष्मा होता माझ्याकडे," मी म्हटलं.

"माहीत हाय आज्जी. सकाळी सुई ओवली की तुम्ही."

"मग तिला का नाही सांगितलंस?"

तिने कपड्यांचं गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. "तिची आज्जी हाय की तुम्ही. मी कसं सांगू?" मग म्हणाली, "सरी, येतो मी," सरी म्हणजे कन्नडमधलं 'बरं', आणि रस्ता ओलांडून गेली.

थोरले, आता तुला सांगते. हे मी तुला त्याच दिवशी सांगू शकले असते. तू अजून आठवडाभर माझ्याच घरी होतीस, तुझ्या बॅगा मीच भरल्या. सांगितलं नाही. विमानतळावर तू म्हणालीस, "तू एकटीच होतीस आजी, जी माझ्या बाजूने होती." तेव्हाही सांगितलं नाही. तू माझ्या शब्दावर विसंबून तिच्याशी भांडलीस, आणि तिने मला वाचवण्यासाठी तुझा राग झेलला. तिचा जुना नंबर मी लावून पाहिला. तो आता दुसऱ्याच कुणाचा आहे. कॉलेजमधून कळलं की ती शिक्षण अर्धवट सोडून गावी गेली. का, ते त्यांना माहीत नव्हतं. गावाचं नाव मी कधी नीट विचारलंच नव्हतं. निपाणीजवळ, एवढंच मला ठाऊक आहे. हे वाचून तू काय करावंस ते मी सांगत नाही. करण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

धाकट्या, यादी ताईकडून घे. तिला सगळी पाठ आहे.

परवाच्या कॉलनंतर मी हॉस्टेलवर जाऊन आले. वॉर्डन त्याच आहेत, त्यांनी पाच मिनिटं वर जाऊ दिलं. खोलीत आता दुसऱ्या दोन मुली राहतात. उजवीकडच्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या फळीवर वर्तमानपत्र घातलेलं आहे. मधल्या दोन फळ्यांवर माझे कागद आहेत. मार्च, एप्रिल, मे आणि जून. कोपरे सुटलेले नाहीत. वर कुणाचे तरी टॉवेल ठेवलेले आहेत. दुसऱ्या फळीवर, डाव्या पानाच्या फळीला चिकटलेल्या बाजूला, 'पोरीचा पेपर. दही.' एवढं अजून आहे.