आंधळ्या माशीची रेघ

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माशीच्या डोळ्यावर काम करणाऱ्या आम्ही दोघीच होतो. ती शिरड शहापूरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मी वारंगा फाट्याची; वडलांचं तिथं टायरचं दुकान. बी.एस्सी.ची तीनही वर्षं माझा पहिला नंबर होता. त्यामुळे हेही मलाच आधी जमणार, असं मी धरून चालले होते.

पिकल्या केळ्यावर जमतात ना, त्याच बारीक माश्या. माशीला बर्फावर ठेवून गुंगवायचं, मेणानं चिकटवायचं आणि मिठाचं पाणी भरलेली काचेची सुई तिच्या डोळ्याला नुसती टेकवायची. दुसरी पाठीत. मग खोली अंधारी करून दिवा लावायचा. डोळ्यात वीज उठली की पडद्यावरची सरळ रेघ एकदम खाली बसते आणि दिवा विझला की वर येते.

माझी सुई डोळ्यात घुसायची. दिवसाला दहा-बारा माश्या वाया. तिची रेघ पहिल्याच दिवशी स्वच्छ आली. सर मला म्हणाले, "हिचा हात बघ जरा."

"तुझा हात कसा हलत नाही गं?" मी विचारलं.

"कोकराच्या खुरातला काटा काढताना हात हलला तर कसं व्हईल?" ती सहज म्हणाली.

तिच्या डब्यातली भाकरी मी रोज खायची. पण ती तापानं दोन दिवस आली नाही, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

सरांनी माश्यांची एक वेगळी जात मागवली होती, जन्मापासून आंधळी. दिसायला हुबेहूब इतरांसारखी, डोळेही तसेच लाल. पण दिवा लावला तरी वीज उठत नाही. ही जात पुढच्या महिन्यात वापरायची होती. सगळ्या माश्या कापसाचं बूच लावलेल्या काचेच्या नळ्यांत असत, वर जातीचं नाव लिहिलेलं. दरम्यान नांदेडहून एक प्राध्यापिका आमचं काम पाहायला येणार होत्या. त्या सकाळी मी लवकर गेले. तिच्या नळीतल्या माश्या माझ्या नळीत घेतल्या आणि तिच्या नळीत आंधळ्या भरल्या.

पाहुण्यांसमोर तिनं पहिली माशी लावली. रेघ सपाट. तारा तपासल्या, दुसरी लावली. सपाट. मी शेजारच्या स्टुलावर बसून आतल्या आत सुखावत होते. तिसरीही सपाट आली तेव्हा सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

ती शांतपणे म्हणाली, "सर, हात बराबर हाय. या माश्यांला दिसून न्हाई राहिलं." आणि माझ्या नळीतली एक माशी मागितली. ती लावली, दिवा लावला, रेघ खाली बसली.

पाहुण्या बाई उठून तिच्याजवळ गेल्या. "नळीवर लिहिलंय त्यावर न विसंबता ओळखलंस," म्हणाल्या आणि पुढं काय करायचा विचार आहे, ते विचारत बसल्या. सरांना वाटलं, माश्यांची अदलाबदल त्यांच्याच हातून झाली असेल. मी त्यांना तसंच वाटू दिलं. तिच्या जागी मी असते तर पहिल्याच सपाट रेघेला स्वतःच्या हाताला दोष देऊन रडत बसले असते. मी जास्त जळले ते याच विचारानं.

दुपारी बसस्टँडवर मी तिला सांगून टाकलं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "बुचाचा कापूस तू पिळून लावतीस. माझ्या नळीवर तसाच व्हता."

"मग सरांना काहून नाही सांगितलं?"

"आंधळ्या माशीची रेघ कशी येते, ते मला बघायचं व्हतं."

तिची बस आली, ती गेली. त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं सोडलं नाही, पण डबा मात्र वेगळा खाऊ लागली.

आज ती बेंगळुरूला संशोधन करते. मी कळमनुरीला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मागच्या हिवाळ्यात तिनं आपल्या नव्या यंत्राचा फोटो पाठवला. मी "छान" एवढंच लिहिलं. त्या दिवशी वर्गात बेडकाच्या डोळ्याची आकृती चुकली म्हणून एका मुलीला मी फार बोलले. आकृती तशी फारशी चुकलेली नव्हती.